लासलगाव ते लासलगाव, निफाडमार्गे

लासलगावला माणसं कांदा विकायला जातात, नाहीतर विकत घ्यायला. मी गेलो तो पळायला. शाळेच्या मैदानावरून निघायचं, विंचूरवरून निफाडला जायचं, निफाडच्या थोडं पुढे वळायचं आणि त्याच रस्त्याने परत येऊन बाजार समितीच्या फाटकात थांबायचं, असे बेचाळीस किलोमीटर. एस.टी.ला जाऊन येऊन दीड तास लागतो. मला पावणेसात तास लागले. हा रस्ता इतक्या सावकाश पाहिलेला माणूस बैलगाडीवाल्यांखेरीज दुसरा मला भेटलेला नाही, म्हणून हा लिहिण्याचा खटाटोप.

मी पाटबंधारे खात्यात कारकून आहे. वय एकोणचाळीस, लग्न झालेलं नाही. नाशिकरोडला आमच्या वसाहतीत दोन खोल्या आहेत. त्यांतल्या एकीत माझे वडील सहा वर्षं अंथरुणाला खिळून होते. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. आई त्याआधीच गेलेली. शेजारच्या मंदाताई रोज सकाळी नळाला पाणी यायच्या आधी पाऊण तास त्यांच्याजवळ येऊन बसत. "जा, जरा वारा घेऊन या," म्हणत. तो पाऊण तास माझा. सुरुवातीला मी मैदानावर जाऊन नुसता बसायचो. बसलं की रडू यायचं. म्हणून चालायला लागलो, आणि चालून फार लांब जाता येईना म्हणून पळायला लागलो.

त्याच मैदानावर आमचा क्लब भेटला. क्लब म्हणजे सात माणसं, एक खोली आणि खोलीत एक वजनकाटा. पळून झालं की ते सगळे टपरीवर चहा प्यायचे. मी कधी थांबलो नाही. मला घरी जायचं असे.

वडील गेल्या पावसाळ्यात गेले. विहारातल्या मंडळींनी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम नीट पार पाडला, नातेवाईक आपापल्या गावी गेले. त्यानंतरच्या सोमवारी मी पळायला निघालो आणि सवयीने वीस मिनिटं होताच मागे वळलो. अर्ध्या वाटेत लक्षात आलं की घरी कोणी थांबलेलं नाही. रस्त्यातच उभा राहिलो. मग पुन्हा तोंड फिरवून शिंदे गावापर्यंत पळत गेलो. पुढच्या आठवड्यात त्याच्याही पुढे, पळसे गावापर्यंत गेलो. क्लबातले म्हणायला लागले, साळवेचा दम वाढला. दम वाढला होता हे खरं, पण तेवढंच खरं नव्हतं. परतायची घाई उरली नव्हती.

दिल्लीतलं एशियाड टीव्हीवर दिसल्यापासून गावोगावी शर्यती निघायला लागल्या आहेत. लासलगावच्या एका क्रीडा मंडळाने बेचाळीस किलोमीटरची काढली, तेव्हा आम्ही सातही जणांनी नावं दिली. मग एकाच्या बहिणीचं लग्न निघालं, एकाचा गुडघा सुजला, चौघांना कामाची पाळी बदलून मिळेना. शेवटी आमचे सेक्रेटरी म्हणाले, "साळवे, आता तूच जा. सर्टिफिकेट आण, खोलीत लावू. भिंत मोकळीच आहे."

शनिवार, लासलगाव

पॅसेंजरमधून उतरलो तेव्हा मालधक्क्यावर कांद्याची पोती मालगाडीच्या वाघिणीत चढत होती. वास इतका दाट की पहिला श्वास घेतल्यावर दुसरा घ्यावा की नाही असं वाटलं. मी रुमाल नाकाला लावला, तसा एक हमाल हसून म्हणाला, "पाव्हणं, कसला वास येतोय?" त्याला खरोखरच कळत नव्हतं. आमच्याकडे गोदाकाठी राहणाऱ्यांना नदीचा वास येत नाही, तसंच हे.

नावं नोंदवायची सोय शाळेच्या एका वर्गात होती. टेबलामागे एक तरुण मास्तर बसले होते. त्यांनी फॉर्म पुढे केला. नाव, वय, क्लब हे सगळं भरलं. शेवटचा रकाना होता, 'अपघात झाल्यास कोणास कळवावे.' मी बराच वेळ पेन धरून बसलो आणि मग माझाच पत्ता लिहिला.

मास्तरांनी वाचलं. "अहो, तुम्हालाच काही झालं तर तुम्हालाच कळवायचं का?"

मागे रांगेत उभी असलेली पोरं हसली. मीही हसलो.

"घरचं कोणी?"

"घरी नाही कोणी."

मास्तर ओशाळले. "मग ऑफिसचा पत्ता द्या. चालेल."

मी ऑफिसचा पत्ता दिला. उद्या रविवार आहे आणि ऑफिसला कुलूप असतं, हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

जेवण एका खाणावळीत झालं. बाजरीची भाकरी, शेवभाजी, ठेचा. आमच्याकडे कांदा चिरून, जमलं तर लिंबू पिळून ताटात वाढतात. इथे वाढप्याने अख्खा कांदा माझ्यापुढे ठेवला, त्यावर मूठ आपटली आणि फुटलेला कांदा तसाच सोडून पुढे गेला. त्या दणक्याने मी दचकलो. पण खाल्ल्यावर पटलं की सुरी लागलेल्या कांद्याला ही चव नाही. समोर बसलेल्या कळवणच्या पाच जणांनी एकमेकांच्या ताटांत भाकऱ्या टाकत जेवण केलं. त्यांनी मलाही विचारलं, "एकटंच आलात का?" मी हो म्हणालो.

रविवार, लासलगाव ते निफाड

निफाडच्या थंडीबद्दल आम्ही नाशिककर दर जानेवारीत वर्तमानपत्रात वाचतो आणि स्वेटर घालून हळहळतो. ती थंडी बनियनवर कशी लागते ते मला त्या सकाळी समजलं. सातला आम्ही चाळीसेक जण मैदानावर उभे होतो आणि सगळ्यांच्या तोंडून वाफा निघत होत्या. निम्मी पोरं अनवाणी होती. त्यांच्या टाचा पाहून मला माझ्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांची लाज वाटली.

शिट्टी झाली. गाव संपेपर्यंत आम्ही घोळक्याने होतो, गाव संपल्यावर घोळका पुढे गेला आणि मी मागे राहिलो. विंचूर यायच्या आधीच माझ्यापुढे दिसणारी शेवटची पाठ धुक्यात विरघळली. ती कळवणच्या पाचांपैकी एकाची होती.

एकट्याने पळायची मला सवय आहे. पण शर्यतीत एकटं असणं वेगळं. रस्त्याच्या कडेला लोक उभे असतात, ते पुढच्यांना पाहून दमलेले असतात, आणि तुम्ही येता तेव्हा ते शेकोटीकडे वळलेले असतात. विंचूरला पाणी देणाऱ्या बाईंनी माझ्या हातात स्टीलचा पेला दिला आणि विचारलं, "मागं अजून किती हायेत?" मी म्हणालो, "मीच मागचा." त्यांनी लगेच हंडा झाकला.

विंचूरपासून मोठा रस्ता लागतो. धुकं उठलं तशी दोन्ही अंगांना द्राक्षाच्या बागा दिसू लागल्या. तारांवर ताणलेल्या वेली, मधल्या सऱ्यांत ओल, आणि बागेच्या टोकाला थंडी मोडायला केलेला धूर. मग उसाच्या बैलगाड्या आल्या. एकामागे एक, पंचवीस-तीस असतील. गाडीवर ऊस, उसावर संसार, म्हणजे चूल, कोंबडी, झोपलेलं मूल. बैलांची चाल आणि माझी चाल जवळजवळ एकच निघाली. त्यामुळे एका गाडीतल्या बाईशी बराच वेळ बोलणं झालं.

"काय चोरलंस रे?" तिने वरून विचारलं.

"काही नाही."

"मग पळतोस कशाला? मागं तर कोण दिसत न्हाई."

"शर्यत आहे."

"कुणाबरं?" तिने पुढे पाहिलं, मागे पाहिलं. रस्त्यावर मी सोडून कोणी पळत नव्हतं. मग तिला माझी कीव आली असावी. तिने एक कांडं मोडून माझ्याकडे टाकलं. पळताना ऊस खाता येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. अर्धा किलोमीटर ते कांडं हातात धरून पळालो आणि तिची गाडी मागे पडल्यावर बांधावर ठेवून दिलं.

नैताळ्याच्या पुढे एक टेम्पो माझ्या मागे येऊन लागला. तो पुढे जाईना. वळून पाहिलं तर त्याच्या काचेवर मंडळाचा कागद चिकटवलेला. शर्यत सोडणाऱ्यांना उचलायची गाडी होती ती. हौद्यात चौघं सतरंजी पांघरून बसले होते. चालवणारा पन्नाशीचा, टोपी घातलेला माणूस होता. त्याने मान बाहेर काढून म्हटलं, "बसा सायेब."

मी मान हलवली आणि पळत राहिलो. वळून परतणारी पोरं एकेक करत समोरून आली आणि निघून गेली.

निफाड गाव ओलांडून वळणावर पोचलो तेव्हा तिथला माणूस खुर्ची घडी करत होता. त्याने माझा नंबर वहीत लिहिला, गुळाचा खडा दिला. हौद्यातल्या चौघांना मंडळाची जीप घेऊन गेली. आता रस्त्यावर मी उरलो आणि मागे तो टेम्पो.

निफाड ते विंचूर

सव्वीस-सत्तावीस किलोमीटरपर्यंत ठीक होतं. तेवढं मी पूर्वी पळालेलो होतो. त्यानंतर पायांनी जणू मला ओळखच द्यायची सोडून दिली. डाव्या पोटरीत गोळा आला. रस्त्याकडेला बसून दोन्ही हातांनी तो रगडला, उठलो, शंभर पावलं गेलो, पुन्हा आला. ऊन तापायला लागलं होतं. सकाळी ज्या थंडीने दात वाजत होते तिची आता आठवण येत होती.

मागे टेम्पो पहिल्या गिअरमध्ये घरघरत होता.

"बसा ना सायेब. आता कोण बघतंय?"

"मी येतो. तुम्ही जा पुढे."

"पुढं कसा जाऊ? तुमच्या मागं राहायचं सांगितलंय मला."

पाच मिनिटांनी पुन्हा. "बसा सायेब, पाय सुजलाय तुमचा."

"बसायचं असतं तर मघाशीच बसलो असतो!" मी ओरडलो. त्याने मान आत घेतली. मला त्याचा राग आला होता. त्या इंजिनाच्या आवाजाचाही आला होता. पण खरं सांगायचं तर गोळा येऊन मी बसलो, की तो टेम्पोही थांबे आणि इंजिन बंद होई, आणि तो खाली उतरून पाण्याची बाटली माझ्याशेजारी ठेवून परत जाऊन बसे. तिसऱ्या खेपेला मी विचारलं, "नाव काय तुमचं?"

"पुंजाराम."

नैताळ्यात त्याने टेम्पो एका दुकानासमोर उभा केला. मी पुढे निघालो. बराच वेळ मागून आवाज येईना, तेव्हा माझ्या मनात आलं, गेला वाटतं कंटाळून. आणि मला चमत्कारिक वाटलं. ज्याला हाकलत होतो तो गेल्यावर मी वळून वळून पाहत होतो.

तो आला तेव्हा त्याने अंगात नवा पांढरा सदरा चढवला होता, केसांना पाणी लावून भांग पाडला होता. शेजारच्या सीटवर मिठाईचा खोका होता.

"कुठे लग्नाला का?"

"नाय." त्याने खोका सरळ केला. "पोरीला बघाया येणार हेत."

"कधी?"

"बारा वाजता बोलावलंय."

मी घड्याळ पाहिलं. पावणेबारा होत आले होते. आम्ही विंचूरच्या दोनेक किलोमीटर अलीकडे होतो. लासलगाव अजून नऊ किलोमीटर होतं. माझ्या चालीने दोन तास.

"अहो, मग जा ना! इथे काय करताय?"

"जाता येतंय का सायेब? मंडळवाल्यांनी बजावलंय, शेवटचा गडी एक तर गाडीत पायजे नायतर फाटकात. मधी रस्त्यावर सोडायचा नाय. उन्हात चक्कर येऊन पडलात तर माझ्यावर येईल."

"घरी दुसरं कोणी नाही? पोरीची आई?"

"हे ना. पन मागल्या वक्ताला पाव्हणे आले तवा मी भाडं घेऊन मालेगावला गेलो होतो. गाडी बंद पडली, पोचलो नाय. पाव्हणे बोलले, बापालाच पोरीची पडलेली नाय, आपण कशाला पडायचं. नाय म्हणून कळवलं." त्याने स्टिअरिंगवर हात फिरवला. "पोर लय मनाला लावून घेते. चार दिवस घराभाईर आली नाय."

वीस किलोमीटर हा माणूस माझ्या मागे येत होता आणि 'बसा सायेब' यापलीकडे एक शब्द बोलला नव्हता. मला वाटलं होतं, याला घरी जाऊन झोपायचं असेल.

मी टेम्पोच्या फळीला हात लावला, पायही उचलला. बसायचं, त्याला सरळ त्याच्या गावी न्यायला सांगायचं आणि तिथून एस.टी. पकडायची, हे सोपं होतं. पाय फळीवर ठेवला आणि पुढे अंग उचलेना. ते गोळ्यामुळे होतं की कशामुळे, मला सांगता येणार नाही.

"सोडणाऱ्यांची सही घेता ना तुम्ही?" मी विचारलं.

त्याने पुठ्ठ्याला लावलेला कागद काढला. त्यावर त्या चौघांच्या सह्या होत्या, नावापुढे 'शर्यत सोडली.' दवाखान्यांतल्या कागदांवर मी सहा वर्षं सह्या केल्या होत्या, सगळ्या 'रुग्णाचा नातेवाईक' म्हणून. माझ्या स्वतःच्या नावाचा एक कागद मिळवायला मी इथे आलो होतो. तो आता मिळणार नव्हता. मी पाचव्या ओळीत नाव लिहिलं, नंबर लिहिला, सही केली. पेन घामाने घसरत होतं.

"झालं. आता मी तुमचा गडी नाही. रस्त्याने चाललेला कोणीतरी आहे. निघा."

"आन् तुमी?"

"विंचूर जवळच आहे. तिथे गाडी मिळते की लासलगावची."

"मिळंल. साडेबाराची मिळंल." त्याचा चेहरा सुटला. त्याने गिअर टाकला, पुन्हा काढला, खोका उघडला आणि एक पेढा माझ्या हातावर ठेवला. "तोंड गोड करा भाऊ. होकार आला पायजे."

"येईल."

टेम्पो दोनशे पावलांवर डावीकडच्या कच्च्या रस्त्याला लागला आणि धूळ उडवत गेला. धूळ खाली बसेपर्यंत मी तिथेच पेढा धरून उभा होतो.

विंचूर ते लासलगाव

टेम्पो गेल्यावर किती शांत झालं ते कसं सांगू? ट्रक जात होते, बसमधून माणसं पाहत होती, विहिरींवरची इंजिनं चालू होती, तरी शांत होतं. सकाळपासून मी एकटा होतो असं मला वाटत होतं, पण तेव्हा निदान कोणाच्या तरी वहीत होतो. कोणी माझा नंबर टिपत होतं, कोणी माझ्या पडण्याची काळजी करत होतं. आता मी कुठेच नव्हतो. विंचूरला पाणी देणाऱ्या बाई केव्हाच गेल्या होत्या. त्यांच्या हंड्याने भिजलेली माती तेवढी ओली होती.

विंचूरच्या थांब्यावर लासलगावची गाडी उभीच होती. कंडक्टर दाराशी उभा राहून ओरडत होता. माझ्याकडे आणि माझ्या छातीवरच्या नंबराकडे पाहून म्हणाला, "या, या. तुमचीच वाट बघतोय. जागा आहे पुढे."

मी थांबलो. आता बसायला हरकत काय होती? कागदावर मी शर्यत सोडलेलीच होती. नाशिकरोडला सांगायचं तेच सांगायचं होतं, पळालो काय आणि बसलो काय. यापुढच्या सात किलोमीटरची कोणालाही खबर लागणार नव्हती.

"येताय का?" कंडक्टरने दोरीला हात घातला.

"नाही."

"का हो? सोबत कोणी मागे आहे का?"

"नाही, कोणी नाही."

त्याने घंटी मारली. गाडी गेली. मला त्या वेळी काही थोर वगैरे वाटलं नाही. उलट मूर्खपणा केला असं वाटलं, आणि गाडी वळणाआड गेल्यावर तर फारच वाटलं. पण नाही म्हणताना माझा आवाज मला ओळखीचा वाटला नव्हता. सहा वर्षांत मी कोणाला नाही म्हटलेलं आठवत नाही. ज्याने जे सांगितलं ते केलं, ज्याने जे औषध लिहिलं ते आणलं.

लासलगावच्या रस्त्याला लागलो. शंभर पावलं पळायचं, शंभर चालायचं, असं ठरवलं. मग पन्नास पळायचं, शंभर चालायचं. मग आकडा धरणं सोडलं. दोन्ही बाजूंना कांद्याची शेतं होती. काही ठिकाणी काढणी चालली होती, बाया ओळीने बसून पात कापत होत्या. एका ठिकाणी रस्त्याजवळ साचलेल्या पाण्यात एक बगळा उभा होता. मी अगदी जवळून गेलो तरी तो उडाला नाही. धोका वाटावा असं माझ्यात काही उरलेलं नव्हतं.

वडिलांची आठवण आली ती तिथे. सहा वर्षांत मी त्यांच्याशी खूप बोललो होतो, ऑफिसातलं, वसाहतीतलं, पावसाचं. ते डोळ्यांनी ऐकायचे. पण सकाळच्या त्या पाऊण तासात मी कुठे जातो ते मात्र मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, ज्याला कूस बदलता येत नाही त्याला आपण पळतो म्हणून कसं सांगायचं? आता वाटलं, सांगायला हवं होतं. त्यांना आवडलं असतं. मी तिथे, त्या रस्त्यावर, मोठ्याने म्हणालो, "दादा, मी पळतो." आणि मग पळालो, कारण म्हटल्यावर पळायला हवं होतं. किती पळालो ठाऊक नाही. पुढचा मैलाचा दगड आला तेव्हाही पळतच होतो.

कांद्याने भरलेले ट्रॅक्टर मला ओलांडून जायला लागले. सोमवारच्या लिलावाला पहिला नंबर लागावा म्हणून माणसं रविवारी दुपारीच निघतात. ट्रॉलीत कांद्याच्या ढिगावर बसलेली माणसं माझ्याकडे बघत आणि दूर जात. एका ट्रॉलीतून सांडलेला कांदा टप्पे खात माझ्या पायाशी येऊन थांबला. मी तो उचलला आणि का कोण जाणे, खिशात टाकला.

बाजार समितीच्या फाटकाशी पोचलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. सकाळी जाताना पाहिलेला कापडी फलक नव्हता, टेबल नव्हतं, मंडळाचं माणूस नव्हतं. फाटकाच्या अलीकडे फलकासाठी रोवलेल्या दोन खांबांच्या मध्ये चुन्याच्या फक्कीने आखलेली पांढरी रेघ होती, पण तीही अर्धीच दिसत होती. फाटक बंद होतं आणि त्याला नाक लावून कांद्याचा ट्रॅक्टर उभा होता. मागची ट्रॉली बरोबर रेघेवर. त्याच्या मागे दुसरा ट्रॅक्टर, त्यामागे एक बैलगाडी, बैल सोडलेले. पहिल्या ट्रॅक्टरचा मालक सावलीत डबा उघडत होता. ट्रॉलीवर त्याची म्हातारी आई बसली होती.

खांब आणि ट्रॉली यांच्यामधून अंग चोरून पलीकडे जाता आलं असतं. मी तसा निघालोही होतो. मग थांबलो.

"दादा," मी म्हणालो, "एवढा ट्रॅक्टर जरा मागे घेता का?"

"का?"

"खाली रेघ आहे. मला ती ओलांडायचीय."

त्याने घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं. म्हातारी वरून म्हणाली, "आरं, ह्यो तर विंचूरपासून पळतोय. आपण बघितला न्हाय का वाटंत?"

"शर्यत तर सकाळीच संपली," तो म्हणाला. "बक्षिसंबी वाटून झाली."

"हो."

"मग?"

मी रेघेकडे बोट दाखवलं. सबंध रस्त्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे, एका जेवणाऱ्या माणसाला उठवून. मी "राहू द्या" म्हणणार होतो.

त्याने घास डब्यात परत ठेवला, हात झटकले आणि ट्रॅक्टरवर चढला. मागे वळून ओरडला, "ए, मागं घे रे! मागं घे!"

"का? नंबर जाईल ना!" मागचा ट्रॅक्टरवाला ओरडला.

"नाय जात. एका माणसाला पोचायचंय."

मागच्याने कुरकुरत इंजिन चालू केलं. त्याच्या मागे बैलगाडी होती, ती दोघांनी जू धरून हाताने ढकलली. मग दुसरा ट्रॅक्टर सरकला, मग पहिला, वाकडातिकडा, दोनदा अडत. म्हातारी ट्रॉलीची कड धरून "हळू, हळू" म्हणत होती. खालून रेघ मोकळी झाली. मधोमध चाकाने पुसली होती, पण होती.

मी ट्रॅक्टरच्या कडेने दहा पावलं मागे गेलो आणि पळत आलो. रेघ ओलांडली आणि पुढे बंद फाटक होतं, म्हणून त्याच्या गजांना धरून उभा राहिलो. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अशा वेळी वाजवतात हे त्यांना माहीत नसावं.

"झालं का रे बाबा?" म्हातारीने विचारलं.

"झालं."

"मग घेऊ दे त्याला गाडी म्होरं?"

"घ्या," मी म्हणालो आणि बाजूला झालो. ट्रॅक्टर पुढे आला, आधी त्याची चाकं रेघेवरून गेली, मग ट्रॉलीची, आणि तो पुन्हा फाटकाला नाक लावून उभा राहिला.